गाडीतलं ‘घर’ कुणाचं?

गाडीला मी ‘घरी चल’ म्हटलं, आणि गाडी मला पुण्याला न्यायला निघाली!

झालं असं, की २०२३ च्या दिवाळीत आम्ही एक जुनी गाडी घेतली. २०१७ चं मॉडेल. पुण्यात कुणीतरी वापरलेली, मध्यस्थामार्फत आमच्याकडे बार्शीला आलेली. गाडीची पूजा झाली, नारळ फुटला, गल्लीत पेढे वाटून झाले. महिन्याभराने एकदा मी एकटीच गाडी घेऊन भगवंताच्या देवळात गेले होते. परत निघताना समोरच्या पडद्यावर घराचं छोटंसं चित्र दिसलं. म्हटलं, बघू या तरी काय होतं ते. बोट लावलं. आतली बाई इंग्रजीत काहीतरी बोलली, नकाशावर निळी रेघ उमटली आणि बाजूला आकडा आला, दोनशे किलोमीटर! माझं घर तिथून जेमतेम दीड किलोमीटरवर. क्षणभर कळेचना, चुकलंय कोण? मी की ती?

चुकलं कुणीच नव्हतं. त्या गाडीचं ‘घर’ खरोखरच पुण्यात होतं. आधीच्या मालकाने स्वतःचा पत्ता त्यात घालून ठेवला होता आणि गाडी विकताना तो पुसायचं राहून गेलं होतं. कुतूहल म्हणून मी पुढची यादी उघडली. एक शाळा. एक मोठं रुग्णालय, तिथे अनेकदा गेल्याची नोंद. आणि ‘आई’ असं नाव दिलेला एक पत्ता. मी घाईने यादी बंद केली. कुणाच्या तरी बंद कपाटात डोकावल्यासारखं वाटलं. ज्या माणसाला मी कधी पाहिलंही नव्हतं, त्याच्या घरात कुणीतरी आजारी होतं, हे मला न विचारता कळून गेलं होतं.

त्या रात्री झोपताना दुसराच प्रश्न डोक्यात घोळायला लागला. या गाडीत माझं काय आहे? ह्यांनी आल्या आल्या त्यात दुकान, पेट्रोल पंप आणि सोलापूरच्या व्यापाऱ्याचा पत्ता घातला होता. ‘घर’ बदलायची त्यांना गरजच वाटली नव्हती. बार्शीतलं घर कोण विसरणार? मुलाने त्यात गाणी भरली होती. माझं मात्र त्या पडद्यावर काहीच नव्हतं. माझे जायचे रस्ते, माझी माणसं, माझी कामं, काहीसुद्धा नाही.

मैत्रिणींनो, गाडी दाखवायला तो माणूस आला होता तेव्हाचं दृश्य आजही आठवतं. त्याने पडद्यावरचं सगळं ह्यांना आणि मुलाला समजावून सांगितलं. मी ताम्हन धरून बाजूला उभी होते. त्याने माझ्याकडे पाहिलं ते फक्त पेढा घेताना. त्याला दोष कशाला देऊ? मीसुद्धा पुढे होऊन ‘मलाही दाखवा’ म्हटलं नव्हतं. मिक्सर आला, वॉशिंग मशीन आलं, तेव्हा त्यांची माहितीपुस्तिका घरात पहिल्यांदा मीच वाचली. मग गाडीचीच पुस्तिका आपली नाही, हे मला कुणी सांगितलं होतं?

खरं तर मी गाडी शिकले ती बेचाळिसाव्या वर्षी, आणि हौस म्हणून नाही. बचत गटांच्या कामासाठी आसपासच्या खेड्यांत जावं लागतं. एसटीच्या वेळा जमत नाहीत. सासूबाईंच्या डोळ्यांसाठी सोलापूरला फेऱ्या असतात. प्रत्येक वेळी ‘कुणी सोडायला येतंय का’ म्हणून तोंडाकडे बघत बसायचं? म्हणून शिकले. गिअर, क्लच, रिव्हर्स सगळं जमलं. भीती उरली ती रस्ता चुकण्याची. गाडीत बसवलेलं नेव्हिगेशन म्हणजे पुरुषांचं खेळणं, असं वाटत होतं. हळूहळू लक्षात आलं, की त्याची खरी गरज आपल्यालाच आहे. ह्यांचा निम्मा जिल्हा पायाखालचा आहे. आपला मात्र माहेर, सासर आणि बाजार सोडला तर रस्ता कायम मागच्या सीटवरून पाहिलेला असतो.

मग एका रविवारी दुपारी सगळे झोपल्यावर मी पुस्तिका, वही आणि पेन घेऊन उभ्या गाडीत जाऊन बसले. अगदी परीक्षेला बसल्यासारखी!

आधी हे यंत्र चालतं कसं, ते समजून घेतलं. आकाशात सुमारे २० हजार किलोमीटर उंचीवरून उपग्रह फिरत असतात आणि सतत वेळेचा संदेश पाठवत असतात. तो संदेश यायला किती वेळ लागला यावरून गाडीतलं यंत्र अंतर काढतं. असे चार उपग्रह दिसले, की आपण नेमके कुठे आहोत ते त्याला कळतं. मोबाइलवरचा नकाशाही याच आधारावर चालतो. गाडीतल्या यंत्राचं वैशिष्ट्य असं, की पुष्कळ गाड्यांमध्ये ते चाकांचे फेरे आणि गाडीचं वळणंही मोजतं. त्यामुळे बोगद्यात आकाश दिसेनासं झालं तरी ते अंदाजाने पुढे सरकत राहतं. शिवाय नकाशा गाडीतच साठवलेला असला, तर मोबाइलची रेंज नसलेल्या घाटातही रस्ता दिसतो.

उपग्रहांच्याही आधीची गंमत सांगते. १९८१ साली जपानमध्ये होंडा कंपनीने गाडीसाठी असं एक यंत्र काढलं होतं. त्यात पारदर्शक कागदावर छापलेले नकाशे घालायचे आणि गाडी त्यांच्या हद्दीबाहेर गेली की बदलायचे. पुढे उपग्रहांचा काळ आला. त्यामागच्या गणितात एका बाईचा मोठा वाटा आहे, हे आपल्याला कुणी सांगत नाही. ग्लॅडिस वेस्ट हे त्यांचं नाव. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या शेतकरी कुटुंबातली ही कृष्णवर्णीय मुलगी शिष्यवृत्तीवर शिकली, आणि १९५६ मध्ये नौदलाच्या संशोधन केंद्रात गणितज्ञ म्हणून लागली. पृथ्वी काही चेंडूसारखी गोल गरगरीत नाही, तिला उंचवटे आणि खोलगटे आहेत. तिचा नेमका आकार गणिताने मांडण्याचं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. त्या आकाराशिवाय उपग्रहाला आपली जागा अचूक सांगता आली नसती. या कामाची जाहीर दखल घेतली गेली ती २०१८ मध्ये, त्या निवृत्त झाल्यावर वीस वर्षांनी! गंमत म्हणजे स्वतः प्रवास करताना आपल्याला कागदी नकाशाच आवडतो, असं त्यांनी मुलाखतीत सांगितलं होतं. आणि आपल्याकडे? भारतातल्या अनेक गाड्यांमध्ये ज्या ‘मॅप माय इंडिया’ कंपनीचे नकाशे असतात, ती १९९५ मध्ये राकेश आणि रश्मी वर्मा या पती-पत्नीने सुरू केली. म्हणजे यंत्राच्या पोटात बायका आहेतच. आपण फक्त बाहेरून हात लावायला घाबरतो!

तर, मी हात लावला. सगळ्यात आधी पुण्याचं ते ‘घर’ पुसलं, यादीही पुसली. मग माझं घर घातलं. पण नेमकं दारापर्यंत नाही. आमच्या घराच्या अलीकडे दोन गल्ल्यांवर मारुतीचं देऊळ आहे, तो चौक मी ‘घर’ म्हणून नोंदवला. गाडी गॅरेजला जाते, कधी दुसऱ्या कुणाच्या हातात किल्ली जाते. आपलं दार कुठे आहे, हे प्रत्येकाला कशाला कळायला हवं? तुम्हीही असंच करा. चौकापासून पुढचा रस्ता आपल्याला येतोच की!

मग माझे पत्ते घातले. गटांची गावं, सोलापूरचं डोळ्यांचं रुग्णालय, रात्री उघडं असणारं औषधांचं दुकान. आणि माहेर. आमच्या गाडीत मराठी अक्षरं येत नाहीत, म्हणून इंग्रजी अक्षरांतच ‘माहेर’ लिहिलं. नकाशावर तिथे एक छोटा तारा उमटला. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, इतक्या वेळा माहेरी गेले, पण नेलं कायम दुसऱ्या कुणी. त्या ताऱ्याकडे पाहत मी गाडीत जरा वेळ नुसतीच बसून राहिले.

पुढची कामं सोपी निघाली. नकाशा दोन तऱ्हांनी दिसतो. एकात उत्तर कायम वर असते, दुसऱ्यात आपण जातोय ती दिशा वर असते. पहिल्या तऱ्हेत दक्षिणेकडे निघालं की माझं डावं-उजवं उलटं व्हायचं. ‘बायकांना नकाशा कळत नाही’ हा घराघरातला विनोद मीही हसत ऐकून घेतला होता. सेटिंग बदललं आणि नकाशा कळायला लागला. इतकंच होतं ते! बोलणाऱ्या बाईचा आवाज गाण्यांपेक्षा वेगळा कमी-जास्त करता येतो. रात्री पडद्याचे रंग आपोआप गडद करता येतात, म्हणजे डोळ्यांवर उजेड येत नाही. पेट्रोल पंप आणि दवाखाने तेवढे नकाशावर दिसू देत आणि बाकीची गर्दी झाकायची, हेही जमतं. भाषेचं मात्र वाईट वाटतं. मोबाइलचा नकाशा मराठीत बोलतो, आमच्या गाडीतली बाई इंग्रजी आणि हिंदीच जाणते. मी हिंदी ठेवलंय. सासूबाई तिच्याशी मराठीत भांडतात.

रस्ता निवडतानाही आपली पसंती सांगता येते, आणि इथे नीट लक्ष द्यायला हवं. ‘सर्वांत जवळचा’ आणि ‘सर्वांत लवकरचा’ हे दोन वेगळे पर्याय असतात. मी बचतीच्या सवयीने जवळचा निवडला. ऐन गळिताच्या हंगामात संध्याकाळी तिने आम्हाला शिवारातल्या अरुंद रस्त्याला घातलं. समोरून उसाने भरलेला दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, मागे तसाच दुसरा. अर्धा तास गाडी जागची हलली नाही. तेव्हापासून मी ‘लवकरचा’ ठेवते आणि ‘कच्चे रस्ते टाळा’ यावरही खूण करते. कोकणातल्या मैत्रिणींसाठी ‘फेरीबोट टाळा’ असाही पर्याय असतो. नाहीतर दापोलीहून गुहागरला रात्री निघालेली गाडी दाभोळच्या धक्क्यावर येऊन थांबायची, आणि फेरी तर बंद झालेली!

आता यंत्राच्या खोडीही सांगायला हव्यात. गाडीतला नकाशा आपोआप नवा होतोच असं नाही. कुठे मेमरी कार्ड न्यावं लागतं, कुठे पेन ड्राइव्ह, कुठे वाय-फाय. आमच्या गाडीत तो जुनाच होता. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव आणि औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. आमच्या गाडीला पत्ताच नाही! जुनं नाव घातलं की ओळख पटते. मुलाला भेटायला नागपूरला निघालो तेव्हा तर कहर झाला. जालन्याजवळ समृद्धी महामार्गावर चढलो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, आमचा नकाशा त्याआधीचा. पडद्यावर रस्ता नाहीच. आमचा बाण शेतांमधून, ओढ्यांवरून धावतोय आणि बाई दर दोन मिनिटांनी कळवळून मागे वळायला सांगतेय. सासूबाई म्हणाल्या, “तिला म्हणावं, डोळे उघड जरा. केवढा रस्ता आहे!”

तेव्हा आम्ही हसलो, पण ही गोष्ट नेहमीच हसण्यावारी नेण्यासारखी नसते. २०२१ च्या जानेवारीत पुण्याहून कळसूबाईकडे निघालेल्या तिघांची गाडी नकाशाच्या भरवशावर रात्री अकोले तालुक्यात कोतूळजवळच्या पुलावर गेली. पूल धरणाच्या पाण्याखाली होता. दोघे पोहून बाहेर आले, चालवणारा बुडाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेच्या अर्धवट पुलावरून गाडी कोसळून तिघे गेले. तेव्हाही नकाशाने दाखवलेल्या रस्त्याचीच चर्चा झाली. त्या दोन्ही वेळी भरवसा मोबाइलवरच्या नकाशावर होता, आणि तो तर गाडीतल्या जुन्या नकाशापेक्षा ताजा असतो. यंत्राला रस्ता माहीत असतो. पण तो रस्ता आज कसा आहे, हे त्याला माहीत असेलच असं नाही. पावसाळ्यात वरंधा घाट बंद केला जातो, ओढ्याला पाणी येतं, पूल खचतो. हे त्या गावातल्या माणसाला आधी कळतं.

गेल्या पावसाळ्यात गटाच्या बैठकीला जाताना नाल्याच्या अलीकडे शेळ्या राखणारी एक मावशी भेटली. बाई म्हणत होती, ‘सीधे चलिए’. मावशीने काठी आडवी धरली आणि म्हणाली, “ताई, त्या पुलावरनं जाऊ नगा. सकाळधरनं पाणी हाय.” मी गाडी वळवली. काच खाली करून विचारायची आपली सवय या यंत्रामुळे मोडता कामा नये. ‘पारापासून डावीकडे, पाण्याच्या टाकीशी वळा’ असं सांगणारी माणसं हेही एक नेव्हिगेशनच आहे, आणि त्याचा नकाशा रोज सकाळी ताजा होतो.

इथपर्यंत सगळं सोयीचं झालं. पण मला आज खरं बोलायचंय ते पुढचं.

आमच्या समुपदेशन केंद्रात मी आठवड्यातून दोन दिवस जाते. तिथे एक ताई आल्या होत्या. ओळख कळू नये म्हणून तपशील बदलते. शिकलेल्या, गाडी चालवणाऱ्या, चांगल्या घरातल्या. नवऱ्याचा त्रास होता, पण तो कुणाला दिसत नव्हता. पहिल्या भेटीत रडल्या, मोकळ्या झाल्या, पुढच्या आठवड्यात येते म्हणाल्या. आल्याच नाहीत. चार महिन्यांनी भेटल्या तेव्हा कारण कळलं. रस्ता माहीत नव्हता म्हणून त्यांनी आमच्या केंद्राचा पत्ता गाडीत घातला होता. रात्री नवऱ्याने गाडीतली ‘अलीकडची ठिकाणं’ उघडली. इथे कशाला गेली होतीस? पुढचं सांगायला नको. पुण्याच्या त्या अनोळखी माणसाची यादी पाहून मला नुसता संकोच वाटला होता. या ताईंना त्याच यादीने किंमत मोजायला लावली.

नव्या गाड्या तर याच्या पुढे गेल्या आहेत. अनेक गाड्या आता इंटरनेटला जोडलेल्या असतात. गाडी कुठे उभी आहे, कुठे चालली आहे, हे मालकाच्या मोबाइलवर दिसतं. नकाशावर एक हद्द आखून ठेवायची आणि गाडी तिच्या बाहेर गेली की मोबाइलवर निरोप यायचा, अशीही सोय असते. गाडी चोरीला गेली तर याचा उपयोग आहे, नाही कसा? पण ही हद्द मला लक्ष्मणरेषेसारखी वाटते. ती रेषा निदान सीतेला दिसत होती. ही तर ती गाडी चालवणाऱ्या बाईला माहीतही नसते. कारण गाडी नवऱ्याच्या नावावर, मोबाइल नंबर नवऱ्याचा, पासवर्ड नवऱ्याचा.

मी असं मुळीच म्हणत नाही, की प्रत्येक नवरा पहारा करतो. रात्री उशीर झाला तर ह्यांनी मी कुठवर आले ते बघावं, असं मलाही वाटतं. काळजी आणि पहारा यांत फरक आहे, आणि तो ओळखायला तीन प्रश्न पुरतात. पाहिलं जातंय हे मला माहीत आहे का? तो कुठे आहे हे मलाही बघता येतं का? आणि मला नको वाटलं तेव्हा मी ते बंद करू शकते का, भांडण न होता? तिन्ही उत्तरं ‘हो’ असली तर ती काळजी. एक जरी ‘नाही’ आलं, तर त्या घरात बोलायला हवं.

आणि जिथे बोलायचीच सोय नाही, तिथे? तिथल्या मैत्रिणींसाठी दोन गोष्टी सांगते. घरात त्रास असेल तर समुपदेशन केंद्र, वकील, पोलीस ठाणे यांचा पत्ता गाडीत घालूच नका. जवळची भाजी मंडई, बँक किंवा देऊळ घाला, तिथे उतरा आणि चालत जा. गाडी मोबाइलला जोडलेली असेल तर रिक्षाने किंवा एसटीने जाणं अधिक बरं. दुसरं, घाबरून सगळी यादी एकदम पुसू नका. कालपर्यंत भरलेली यादी आज कोरी दिसली, तर संशय वाढतो आणि त्रासही वाढतो. आधी कुणाच्या तरी विश्वासातल्या फोनवरून १८१ या महिला हेल्पलाइनवर बोला. जिवावर बेतलं असेल तर ११२ आहेच.

ज्यांच्या घरी सगळं सुखाचं आहे, त्यांनाही काम आहे. गाडी विकताना आपण टपातली गणपतीची मूर्ती आठवणीने काढून घेतो, डिकीतली छत्री काढतो. घर, यादी, मोबाइलवरून गाडीत उतरलेले फोन नंबर हेही काढायचं असतं. त्यासाठी सेटिंगमध्ये सगळं एकदम पुसून गाडी मुळासारखी कोरी करण्याचा पर्याय असतो. इंटरनेटची गाडी असेल तर मालकाच्या मोबाइलवरचं तिचं खातंही बंद करा. जुनी गाडी घेत असाल तर हे आपल्यासमोर करून मागा. नाहीतर आधीच्या मालकाच्या मोबाइलवर तुमची गाडी दिसत राहायची!

गाड्या विकणाऱ्यांनाही एक सांगणं आहे. गाडी हवाली करताना घरातल्या बाईलाही पडद्यासमोर बसवा आणि सगळं दाखवा, ताम्हन धरायला दुसरं कुणीतरी मिळेल. मराठी बोलणारी, मराठी अक्षरं ओळखणारी यंत्रं महाराष्ट्रात मिळायला हवीत, हेही तुम्हीच वर कळवा. जुन्या गाडीतली माहिती पुसणं ही मालकाच्या आठवणीवर सोडायची गोष्ट नाही. गाडी धुऊन देता, तशी तीही पुसून द्या.

आणि मैत्रिणींनो, आपण? येत्या रविवारी दुपारी तासभर काढा. गाडी दारातच उभी असू द्या, कारण हे उद्योग चालत्या गाडीत करायचे नसतात. पुस्तिका घ्या. मराठीत नसेल तर मुलाला-मुलीला शेजारी बसवा, पण बोट तुमचं असू द्या. तुमचे पत्ते घाला, नको ते पुसा, तुमच्या डोळ्यांना आणि कानांना सोसेल तशी ती बाई वळवून घ्या. लग्न होऊन आलो तेव्हा दुसऱ्याने मांडलेलं स्वयंपाकघर आपण हळूहळू आपल्या हाताला लावून घेतलंच होतं ना? हळदीचा डबा कुठे आणि मीठ कुठे, ते आपण ठरवलं. मग हा तर एवढासा पडदा!

परवा सोलापूरहून परतायला रात्र झाली. सासूबाईंच्या डोळ्यांत औषध घातलेलं, त्यांना समोरचं नीट दिसत नव्हतं. मी घराच्या चित्रावर बोट लावलं. या वेळी आकडा आला तो बार्शीचा. मारुतीच्या चौकात आलो तशी आतली बाई म्हणाली, ‘आप पहुँच गए हैं’. सासूबाईंनी डोळे मिटलेलेच ठेवून मला विचारलं, “अजून दोन गल्ल्या आहेत ना गं?”

“हो, आहेत,” मी म्हटलं.

“मग तिला सांग, तू झोप आता. पुढचं आम्हाला येतं.”